सूचना : जीपीएस यंत्रे व जिओकॅशिंगबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गोव्यातील मोले व म्हादई परिसरात जिओकॅशिंगसाठी (जीपीएसच्या आधारे लपवलेले डबे शोधण्याच्या खेळासाठी) जाताना जीपीएस यंत्र 'डब्ल्यूजीएस ८४' या जगभर वापरल्या जाणाऱ्या निर्देशांक प्रणालीवर आणि स्थाननिर्देश अंश व दशांश मिनिटांत ठेवावेत. अक्षांश १५ अंश ३०.५०० मिनिटे म्हणजे ३० मिनिटे ३० सेकंद. तो ३० मिनिटे ५० सेकंद असा वाचल्यास आपण उत्तरेकडे ६०० मीटरांहून अधिक चुकतो, आणि घाटातल्या रानात तेवढ्यात एखादा ओहोळ आडवा येतो. दाट झाडीखाली संकेत क्षीण होत असल्याने शेवटचे काही मीटर पडद्यापेक्षा डोळ्यांवर विसंबावे. अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीविना डबा ठेवू नये. जमिनीत तर कुठेच पुरू नये.

परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांना आगाऊ कळवावे की, उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीविना भारतात आणणे बेकायदा असून, त्यावरून दाबोळी विमानतळावर प्रवाशांना अडवले गेले आहे. साध्या जीपीएस यंत्रासारखेच ते दिसते, म्हणून निव्वळ 'जीपीएस आणतो' एवढ्या उत्तरावर समाधान न मानता नेमके मॉडेल विचारून घ्यावे.

— सचिव