रंग सर्वात शेवटी बघ

नाशिक,
१८ नोव्हेंबर

प्रिय श्रीकांत,

पत्र मिळालं. निवृत्तीनंतर तू गॅलरीत बसून पक्षी बघायला लागलास, हे वाचून फार बरं वाटलं. पण पुस्तकातल्या चित्रांशी रंग जुळवत बसतोस आणि तोवर पक्षी उडून जातो म्हणतोस. अरे, रंग सर्वात शेवटी बघ. उन्हात, सावलीत, पानांआड रंग फसवतो. आधी आकार बघ, चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग बसतो कुठे आणि करतो काय.

तुझ्या तारेवरचा 'छोटा पोपट' मला वेडा राघू वाटतो. तारेवरून झेप घेतो, हवेतच माशी टिपतो आणि परत तिथंच येऊन बसतो, असं लिहिलंयस ना? पोपट असं करत नाही. त्याच तारेवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा दिसला तर तो कोतवाल.

गेल्या वैशाखात आमच्या मागच्या कडुनिंबावर राखाडी पाठीचा, छातीवर तांबूस पट्टे असलेला पक्षी येऊन बसला. सातभाईंनी, त्या थव्यानं हिंडणाऱ्या पक्ष्यांनी, एकच कल्लोळ केला. मी घरात सांगून टाकलं, शिक्रा आलाय, तो शिकारी पक्षी. दुर्बिणीतून नीट पाहिलं तर चोच शिकारी पक्ष्यासारखी आकडेबाज नव्हती आणि डोळ्याभोवती पिवळं कडं होतं. थोड्या वेळानं त्यानं गळा काढला, 'पेरते व्हा, पेरते व्हा!' पावशा होता तो! दिसायला आणि उडायलाही थेट शिक्र्यासारखा. हा अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात आणि पिल्लं वाढवतात बिचारे सातभाई. त्यांचा कल्लोळ मला तेव्हा कळला. लहानपणी आजी मृगाआधी हाच आवाज ऐकून बियाणं काढायला सांगायची. आवाज पाठ होता, पक्षी मात्र पन्नास वर्षांनी भेटला.

संध्याकाळच्या पाकोळ्यांबद्दल विचारलंयस. आपल्याकडे पाकोळी हा शब्द पक्ष्यालाही वापरतात आणि छोट्या वटवाघळालाही, म्हणून घोळ होतो. पंख कोयत्यासारखे ताठ, मध्येच न हलवता सरकत जाणारी, ती पक्षी. फडफडत, क्षणाक्षणाला वळणं घेत उडतं ते वटवाघूळ. ते सस्तन प्राणी, पिल्लाला दूध पाजणारं. दिवेलागणीला दहा मिनिटं दोघंही आभाळात एकत्र असतात. तेव्हा बघ, फरक आपोआप डोळ्यात भरेल.

आता डिसेंबरात इकडे ये. नांदूरमध्यमेश्वरला जाऊ. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा पाणथळ रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, महाराष्ट्रातला पहिला. चापडगावच्या बाजूनं पहाटे पोहोचलो की धुकं विरता विरता पाण्यावर वारकरी पक्षी दिसतात. काळेभोर, कपाळावर गंध लावावं तसा पांढरा टिळा. पाणवनस्पतींत लांब तांबड्या पायांची जांभळी पाणकोंबडी देठ पायात धरून खाते. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी रुंद, ती लांबूनही चुकत नाही. चक्रवाकांची जोडी दिसली तर मी गप्प बसेन, तूही बस.

पांढरा सदरा नको, मातकट रंगाचा आण. माझी जुनी दुर्बीण तुझ्यासाठी पुसून ठेवली आहे. आणि वेडा राघू पुन्हा आला तर तो त्याच जागी परततो का, तेवढं कळव.

तुझा,
दिगंबर