डबा बदलतेय, रागावू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी दुसऱ्याच वाक्याला अडवलं असतं, म्हणून लिहितेय. आपले फोटो, टेपा, गाणी ज्यात साठवतो आणि टीव्हीवर बघतो, तो डिस्कचा डबा बदलतेय. नवा मागवलाय, चार डिस्कचा. शनिवारी येऊन बसवून देते. आता नको म्हणू नका, पैसे भरून झालेत.

जुना चालतोय, मान्य. पण बाबा, तुमच्या हँडीकॅमच्या टेपा उतरवायला घेतल्या तेव्हाच मी हिशेब करायला हवा होता. तासाभराची एक टेप साधारण 13 जीबी खाते; 46 टेपा म्हणजे 600 जीबीच्या आसपास. उरलेलं फोटोंनी भरलं. आणि मी सहज बोलून गेले, "जागा संपत आलीय."

त्या एका वाक्यापायी तुम्ही नातीचे सगळे फोटो ठेवलेत आणि स्वतःचे पुसलेत. ऑफिसातल्या निरोपाचे. आईबरोबरचा तो पुलावरचासुद्धा! दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, असं तुम्हाला मीच सांगितलं होतं, आणि ते अर्धवट होतं. तो आरसा आहे. एक डिस्क गेली तर दुसरी सांभाळून घेते, पण पुसलेलं दोन्हीकडून एकदमच जातं. माझ्याकडच्या सुट्या डिस्कवर होते म्हणून सगळे परत मिळाले. चूक तुमची नाहीच. फक्त पुन्हा असा मोठेपणा करू नका.

"नुसत्या डिस्क मोठ्या टाक की," असं तुम्ही म्हणणार. टाकता येतात, खोटं कशाला बोलू? एक काढायची, मोठी घालायची, सगळं पुन्हा लिहून होईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. पण तेवढे तास सगळी भिस्त एकाच जुन्या डिस्कवर, आणि त्यातली एक आत्ताच कुरकुरतेय. आई, परवा रात्री घड्याळाचा गजर समजून तू उठलीस ना, तो डबाच ओरडत होता. शिवाय त्याची सुरक्षेची अपडेट्सही आता येत नाहीत.

नव्यात 4 टीबीच्या चार डिस्क. एकीच्या मापाची जागा सावरासावरीसाठी राखीव, म्हणजे चारातली कुठलीही एक गेली तरी काही हरवत नाही. उरले 12. बाबा, स्क्रीनवर 10.9 दिसेल, तेव्हा फसवलं म्हणून दुकानदाराला फोन लावू नका. डिस्कवाले हजारानं मोजतात आणि यंत्र 1024 नं.

आई, तुझं काहीच हलणार नाही. टीव्हीवर तोच चौकोन, तेच 'आईचं' नावाचं फोल्डर, गाणी त्याच क्रमानं. फक्त तू विणलेला रुमाल डब्यावर घालायचा नाही. छान दिसतो गं, पण त्याखाली डिस्क 52 अंशांवर गेली होती. रुमाल मला दे, मी माझ्या टेबलावर घालते.

टेपा उतरवताना एक सापडली. बाबा कॅमेरा बंद करायला विसरलेत. दहा मिनिटं नुसती जमीन, तुमच्या चपला आणि मागून मी, "बाबा, मी दिसतेय का? आता दिसतेय का?" तुम्ही दर वेळी "हो, दिसतेयस." मी ती तीनदा लावली. ती टेप कामाची नाही म्हणून पुसलीत तर बघा.

आता नीट ऐका. डब्याची वायर कधीही ओढायची नाही, बंद करायचा झाला तर बटण दाबून दिवे जाईपर्यंत थांबायचं. लाल दिवा दिसला तर डिस्क बाहेर काढून पुसून बघायची नाही, मला फोन करायचा. मध्यरात्री असला तरी. यूपीएसवर दुसरं काही लावायचं नाही, बाबा, तुमचा चार्जरसुद्धा नाही.

जुना डबा टाकत नाहीये. कुरकुरणारी डिस्क बदलून तो मी माझ्याकडे नेणार. टेपा आणि तुम्हा दोघांचे फोटो रोज रात्री तुमच्याकडून माझ्याकडे आपोआप येत राहतील. उद्या तिकडचा डबा बिघडला, चोरीला गेला, तरी इकडे प्रत असेल.

उरलेल्या टेपांचं खोकं माळ्यावरच राहू दे. स्टुलावर चढायचं नाही, दोघांनीही. शनिवारी मी काढते.

तुमची,
छोटी