प्रसूतिकक्षात कोरकू बोलणारे कोणी हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की मेळघाटातील बालमृत्यू आणि मातामृत्यूंच्या बातम्या छापून येतात, दौरे होतात आणि त्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : आदिवासी महिला दवाखान्यात यायलाच तयार नसतात, त्या भुमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, जातात. धारणी व चिखलदरा तालुक्यांत परिचारिका म्हणून नोकरी केल्यामुळे मला हे वाक्य अर्धवट वाटते. दवाखान्यात येऊन गेलेल्या बाईला तिथे काय अनुभव आला आणि गावी परतल्यावर तिने जावा-नणंदांना काय सांगितले, हे सहसा कोणी विचारत नाही.

कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठीशी तिचे नाते नाही. बाजार आणि मजुरीच्या निमित्ताने पुरुष कामापुरती हिंदी-मराठी बोलतात. पाड्याबाहेर फारशी न पडलेली पहिलटकरीण बहुधा बोलत नाही. तिला कळा सुरू असताना टेबलावर उताणी झोपवले जाते आणि सोबत आलेली सासू किंवा दाई व्हरांड्यात थांबते. आतून तपासणी करायची आहे हे तिला समजेल असे कोणी सांगत नाही, म्हणून ती पाय आवळून घेते. ‘जोर दे’ आणि ‘आता जोर देऊ नको’ यांतला फरक तिला कळत नाही, मग समोरच्याचा आवाज चढतो आणि शेवटी केसपेपरवर शेरा पडतो : ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’ हा शेरा लिहिणारी परिचारिका दुष्ट नसते. रिक्त पदांमुळे तीच ओपीडी, तीच लसीकरण आणि तीच रात्रपाळी सांभाळत असते. पण त्या मुलीच्या वाट्याला येते ते तेच.

घरीच बाळंत व्हावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. रक्तक्षय, सिकलसेल, वाढलेला रक्तदाब आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव यांपुढे अनुभवी दाईचाही इलाज चालत नाही. म्हणूनच बाईला दवाखान्याची धास्ती वाटणे परवडणारे नाही. उकिडवे बसून, कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन बाळंत होण्याची इच्छा ही काही अंधश्रद्धा नव्हे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी आणि स्थिती तिने निवडावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीही सांगतात. सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीण असण्यास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेचा समावेश झाला. हे सारे कागदावर आहे. दुर्गम केंद्रांत मात्र दुभाषाचे काम आजही आशाताईच्या चांगुलपणावर चालते, आणि रुग्ण धारणीहून जवळपास दीडशे किलोमीटरवरील अमरावतीला पाठवला की तोही आधार बहुतेकदा सुटतो. घाटातून आलेली ती बाई मोठ्या रुग्णालयात अक्षरशः मुकी होते.

२०१८-२० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यूदर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, तर देशाचा ९७. या आकड्याचे कौतुक जरूर व्हावे, परंतु राज्याच्या सरासरीत धारणी, धडगाव किंवा भामरागडसारखे आदिवासी तालुके वेगळे दिसत नाहीत. बाळंतपणाआधी काही दिवस दवाखान्याजवळ येऊन राहण्यासाठी माहेरघर योजनेची खोली बांधून झाली, तरी घरी दोन लेकरे आणि शेळ्या कोणाच्या भरवशावर सोडायच्या, हा प्रश्न उरतोच.

माझी मागणी मर्यादित आहे. मेळघाटातील प्रत्येक प्रसूतिकक्षात, तसेच अमरावतीच्या ज्या रुग्णालयांत हे रुग्ण पाठवले जातात तिथे, चोवीस तास कोरकू बोलणारी एक स्त्री नियमित मानधनावर असावी. त्यासाठी गावातील अनुभवी दायांनाच प्रशिक्षण देता येईल. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी व भिली, भामरागड-एटापल्लीत माडिया बोलणाऱ्या स्त्रियांची अशीच नेमणूक व्हावी. घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळंतिणीला तिच्या भाषेत विचारावे की तिला कसे वागवले गेले, आणि ती उत्तरे बालमृत्यू व कुपोषणाचा आढावा घेणाऱ्या शासनाच्या गाभा समितीच्या बैठकीत मृत्यूंच्या आकड्यांसोबत वाचली जावीत. मातामृत्यूच्या चौकशीतही घरच्यांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत नोंदवून घ्यावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
परतवाडा, जि. अमरावती