एकच इमारत, तीन पदव्या

महोदय,
सीओईपीला, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला, ‘नवं विद्यापीठ’ म्हटलेलं वाचलं की हसू येतं. विद्यापीठाचा दर्जा २०२२चा, पण संस्था १८५४ची. बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवीत म्हणून निघालेला वर्ग. विश्वेश्वरय्या शिकले तेव्हा ते ‘कॉलेज ऑफ सायन्स’ होतं आणि पदवी मुंबई विद्यापीठाची. माझ्या वडिलांच्या १९४६च्या पदवीवरही मुंबईच. माझ्या १९७६च्या पदवीवर पुणे विद्यापीठ. नात सध्या तिथेच शिकते; तिच्या पदवीवर खुद्द सीओईपीचं नाव येईल.

ड्रॉइंगच्या तासाला शाईचा थेंब पडला की आम्ही अर्ध्या ब्लेडने कागद हलकेच खरवडायचो, वर नख घासायचो. सर शीट उजेडासमोर धरायचे आणि पकडायचेच! नात सगळं संगणकावर करते. (कॉलेजच्या बोट क्लबचं वेड मात्र तसंच.)

परवा ती एका कंपनीचा ऑनलाइन अर्ज भरत होती. विद्यापीठांच्या यादीत सीओईपीचं नाव नाही, शेवटी ‘इतर’ निवडावं लागलं. संबंधितांनी आपल्या याद्या तेवढ्या अद्ययावत कराव्यात.

– एक निवृत्त पाटबंधारे अभियंता, पुणे