'मॅडम, सायटेशन शून्य'

महोदय,

'मला'ऐवजी 'मना' म्हणणाऱ्या आगरी बोलीवर मी एक लेख लिहिला होता. त्यासाठी दोन पावसाळे उरणच्या मासळीबाजारात वही घेऊन बसले. पुढे 'कॅस'च्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, मुलाखतीत समितीतल्या एका गृहस्थांनी लॅपटॉपवर माझं नाव टाकलं नि म्हणाले, "मॅडम, सायटेशन शून्य." म्हणजे माझ्या लेखाचा संदर्भ कुणीच दिलेला नाही. निवृत्तीनंतर कलिनाच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात भलत्याच कामासाठी प्रबंध चाळताना दोघांच्या संदर्भसूचीत तो लेख सापडला. एकाने तर माझी शब्दसूची पानभर उतरवली आहे. पण लेख मराठी, प्रबंधही मराठी. संदर्भ मोजणाऱ्या यंत्राच्या खिजगणतीत दोन्ही नाहीत.

दुसरं मोजमाप 'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, त्याचा आकडा. वैद्यकाला तो सोयीचा असेल. आमच्याकडे, भाषाभ्यासात, ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२०चा, एमेनो यांचा भारत हे एक भाषिक क्षेत्र मानणारा निबंध १९५६चा. त्यांना वळसा घालून आजही पुढे जाता येत नाही. दोन वर्षांत एखाद्या बोलीची ध्वनिमुद्रणंसुद्धा धड उतरवून होत नाहीत! त्यातून रोमन लिपीत 'ळ' हरवतो, आद्याक्षरं मागेपुढे होतात आणि एकाच केळकरांचे तीन केलकर होतात.

दोष सगळा यंत्राचा नाही. 'अमुक विद्वान म्हणतात' एवढ्यावर भागवायचं, वर्ष नाही, पान नाही, ही आपली जुनी खोड. मीही तेच केलं आहे. आपल्या बऱ्याच नियतकालिकांतल्या लेखांना डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, नसतो. मग कोणी मोजायचं म्हटलं तरी मोजणार कसं?

फेब्रुवारी २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य संशोधन-नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केली आणि नियतकालिकं पारखण्याचं काम विद्यापीठांवर, महाविद्यालयांवर सोपवलं. मुंबईतल्या संस्था आता आपापले निकष ठरवतील. त्यात मराठी प्रबंधांतले आणि पुस्तकांतले संदर्भ उमेदवाराने छायाप्रतीसह दाखवले तर ते धरावेत, एवढंच मागणं आहे. माझी बढती आता व्हायची नाही, पण आज नेमणुकीच्या रांगेत उभी असलेली मुलं बोलींवर काम करायला कचरतात, ती याच शून्यापायी.

ता. क. : शब्दसूची घेणाऱ्याने पान ४१ दिलं आहे. ते १४ आहे.

– एक निवृत्त मराठी प्राध्यापिका, मुलुंड (पूर्व), मुंबई