सहा वर्षं, चार रात्री

दादर, मुंबई

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून पत्र.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून जिना बंद. मग तुझ्या कपाटाचं पारायण मांडलं. वरच्या फळीपासून, एकही पुस्तक न गाळता. (कवितांची नुसती चाळली, खोटं कशाला बोलू.) तिसऱ्या फळीवर तीन जाडजूड आडवी पुस्तकं निघाली, आत नुसती चित्रं! जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रातली रोजची चित्रपट्टी, ‘गॅसोलिन ॲली’, फ्रँक किंगची. आमची धाव इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळापर्यंत, म्हणजे तुमच्या फँटमपर्यंत. तोसुद्धा मुळात १९३६पासून वर्तमानपत्रात यायचा, हे मला या वयात कळलं.

सुरुवातीची पानं रटाळ. गल्लीत जमून मोटारींच्या गप्पा हाणणारे चार बाप्ये. बायकांनीही हे वाचावं म्हणून वर्तमानपत्राच्या मालकांना गोष्टीत मूल हवं होतं, पण नायक वॉल्ट पडला ब्रह्मचारी. म्हणून १४ फेब्रुवारी १९२१ला त्याच्या दारात टोपलीतून बाळच आणून ठेवलं. त्याचं नाव स्कीझिक्स. आणि किंगने ते पोर खरोखर वाढू दिलं, कॅलेंडरबरोबर, रोज एक दिवस. वेताळ कधी म्हातारा झालेला पाहिलायस?

एकेका पट्टीत फारसं काही घडत नाही. पण मी पन्नास-पन्नास पानं एका बैठकीत उडवत होतो. रात्री दहाला टोपलीत असलेलं पोर दीडला चालायला लागलं. आई म्हणाली, दिवा मालवा आता.

तू चालायला लागलीस तेव्हा मी बँकेत मार्च एंडिंगला बसलो होतो. रात्री घरी आलो, आईने तुला झोपेतून उठवून उभं केलं. तू मटकन खाली बसलीस आणि माझ्याकडे बघून जांभई दिलीस.

काल माळ्यावरून आपली चिंटूच्या चित्रपट्ट्यांची वही काढवली. रोज सकाळी कात्रण कापायचं, खळ लावून डकवायचं, आणि मग सात बत्तीसची लोकल. चिंटू पहिल्या पानावर जेवढा तेवढाच शेवटच्या पानावर. पण सुरुवातीला त्याच्या डोक्यावर तुझ्या मेणखडूच्या रेघोट्या आहेत, मध्येच फुग्यांतली अक्षरं तू पेन्सिलीने गिरवली आहेस, आणि शेवटी एका पट्टीखाली शाईने लिहिलंयस, ‘हा जोक आधी येऊन गेलाय.’ तुझं अक्षर तेव्हा बरं होतं.

१९२६च्या जूनमध्ये वॉल्टचं लग्न लागतं. तुझा तिसरा खंड त्याच वर्षाशी संपतो. पुढे स्कीझिक्स १९४२मध्ये लढाईवर जातो म्हणे. पुढचे खंड तुझ्याकडे असतील तर गणपतीला येताना आण. इंटरनेटवर बघा म्हणू नकोस.

टाके बुधवारी निघतील. आईने मेतकूट करून ठेवलंय.

तुझा
बाबा