शेफिल्डचे तीन क्लब

महोदय,

क्रीडापानांवर शेफिल्ड एफसी, शेफिल्ड वेन्सडे (१८६७) आणि शेफिल्ड युनायटेड (१८८९) या इंग्लंडमधल्या तीन फुटबॉल क्लबांची सर्रास गल्लत होते. नॉट्स काउंटी (१८६२) हा सर्वांत जुना व्यावसायिक क्लब मानला जातो, पण शेफिल्ड एफसी त्याच्याही आधीचा. नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी २४ ऑक्टोबर १८५७ रोजी तो स्थापला. म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनपेक्षाही तो सहा वर्षांनी थोरला!

त्याचे नियमही स्वतःचे होते. १८६२ पासून चार यार्ड रुंदीच्या गोलचौकटीच्या दोन्ही बाजूंना चार-चार यार्डांवर निशाण असे. चेंडू गोलचौकट आणि निशाण यांच्या मधून गेला आणि आक्रमकाने बचाव करणाऱ्यांच्या आधी त्याला हात लावला, तर ‘रूज’ नावाचा गुण मिळे. गोल समसमान झाले की रूज मोजत. १८६८ मध्ये गोलचौकट आठ यार्डांची झाली आणि रूज गेला. १८७७ मध्ये शेफिल्डकरांनी लंडनचे, म्हणजे फुटबॉल असोसिएशनचे, नियम पत्करले.

१८८५ मध्ये खेळाडूंना मानधन देण्यास मान्यता मिळाली. हा क्लब मात्र हौशीच राहिला आणि मागे पडला. हे अपरिहार्यच होते, कारण चांगला खेळाडू पैसे देणाऱ्याकडेच जाणार. तरी १९०४ चा अमॅच्युअर (हौशी क्लबांचा) चषक त्याने जिंकला. आता तो अर्धव्यावसायिक लीगमध्ये खेळतो. आणि गंमत म्हणजे, २००१ पासून त्याचे मैदान शेफिल्डमध्ये नाही, तर शेजारच्या डर्बीशरमधल्या ड्रॉनफिल्डला आहे. २०११ मध्ये क्लबने मूळ हस्तलिखित नियमांसह जुनी कागदपत्रे लिलावात काढली. त्यांना सुमारे ८ लाख ८१ हजार पौंड आले.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर